‘राजकारण नको’ या नियमावर सही करू का?

पत्र

“आम्ही सॉफ्टवेअरमधली मंडळी महिन्यातून एकदा भेटतो. कुणी नवं केलेलं दाखवतं, कुणी अडलेलं विचारतं. मी आणि माझा एक जुना मित्र, आम्ही दोघांनी हा गट सुरू केला. हॉल ठरवण्यापासून वक्ते बोलावण्यापर्यंत सगळं अजून आम्हीच बघतो. अलीकडे तीन गोष्टी घडल्या. डेटाबेसवरच्या एका व्याख्यानानंतर दोन सदस्यांची निवडणुकीवरून अशी जुंपली, की वक्ता बाजूला उभा राहिला आणि हे दोघं एकमेकांच्या पक्षांची उणीदुणी काढत बसले. पुढे चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीवर एका कंपनीतल्या इंजिनिअरचं सत्र झालं. आमच्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं, ‘ही प्रणाली कुणाला विकली जाते, आणि गडद रंगाच्या चेहऱ्यांवर ती किती चुकते?’ माझ्या मित्राने तिला मध्येच तोडलं, ‘इथे राजकारण नको.’ ती खाली बसली आणि पुढच्या बैठकीला आलीच नाही. आता काही जण म्हणतात, सध्या चालू असलेल्या एका युद्धाचा गटाने जाहीर निषेध करावा. गप्प राहिलो तर आपण अन्यायाच्या बाजूचे ठरतो. मित्राने वैतागून एका ओळीचा नियम लिहिलाय: ‘या गटात राजकीय चर्चा करू नये.’ त्याला त्यावर माझी सही हवी आहे. मला सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं. काय करू?
— दोन्ही डगरींवर हात”

उत्तर

सही करू नका.

तुमच्या मित्राला जे हवं आहे त्यातलं बरंचसं मलाही हवं आहे, पण त्या ओळीने ते मिळणार नाही. पक्षांवरून भांडणाऱ्या त्या दोघांना ती थांबवणार नाही. असे लोक नियम वाचून गप्प बसले असते तर आणखी काय हवं होतं? ती ओळ थांबवेल त्या मुलीला. थांबवलंच आहे, कागदावर उतरायच्या आधीच.

तरी आधी मित्राची बाजू मांडते, कारण ती हल्ली फार स्वस्तात निकालात काढतात. ‘राजकारण नको’ म्हणणारा माणूस एकतर भित्रा, नाहीतर आतून प्रस्थापितांचा, असं म्हणून लोक मोकळे होतात. हा नियम साडेतीनशे वर्षांहून जुना आहे आणि तो भित्र्या माणसांनी केलेला नाही. १६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी ही वैज्ञानिकांची संस्था स्थापन झाली तेव्हा इंग्लंड यादवी युद्धाच्या धक्क्यातून नुकतं सावरत होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथे राजाचा शिरच्छेद झाला होता. संस्थापकांमधला जॉन विल्किन्स हा राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या बहिणीचा नवरा, तर रॉबर्ट मोरे पक्का राजनिष्ठ. ही माणसं हवेचा दाब, धूमकेतू आणि रक्ताभिसरण यांवर एकमेकांशी बोलू शकली, कारण धर्म आणि राज्यकारभार हे विषय त्यांनी दाराबाहेर ठेवले होते. ज्यांनी काल एकमेकांवर तलवारी उपसल्या ते आज एक प्रयोग मिळून बघतात, ही लहान गोष्ट नाही. तुमच्या गटात वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं शेजारी बसून एकमेकांच्या कोडमधल्या चुका शोधत असतील, तर तेही जपण्यासारखंच आहे. मित्र ते जपायला बघतोय.

आता त्याच सोसायटीचं पुढचं ऐका. १९०२ मध्ये तिथे हर्था एर्टन यांचं नाव फेलो, म्हणजे संस्थेचं निवडून घेतलेलं सदस्य, म्हणून सुचवलं गेलं. इलेक्ट्रिक आर्कवरचं त्यांचं काम त्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक होतं. कायद्याचा सल्ला घेतला गेला आणि उत्तर आलं, की विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही. चार वर्षांनी त्याच संस्थेने त्यांना ह्यूज पदक दिलं! काम मान्य, खुर्ची मात्र नाही. पहिल्या स्त्री फेलो निवडल्या गेल्या त्या थेट १९४५ मध्ये. राजकारण दाराबाहेर ठेवणाऱ्या त्या दालनात कुणाला आत घ्यायचं हा प्रश्न इतकी वर्षं राजकारणात मोडतच नव्हता. तो ‘नेहमीची पद्धत’ या सदरात मोडत होता.

मला त्या एका ओळीची भीती वाटते ती यासाठी. ‘राजकीय’ म्हणजे काय हे ती सांगत नाही, म्हणून ते ठरवायचं काम माईक हातात असलेल्या माणसाकडे जातं. आणि त्या माणसाला स्वतःची सवयीची मतं राजकीय वाटत नाहीत, दुसऱ्याची वाटतात. यात तुमचा मित्र वाईट आहे असं नाही. माईक माझ्या हातात असता तर माझंही तेच झालं असतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती दोन-तीन वाक्यांत उरकली आहे.

गडद चेहऱ्यांवर प्रणाली किती चुकते, हा अचूकतेचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ त्वचेच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. सरासरी अचूकता सांगून ही दरी सहज झाकता येते, म्हणून तर आकडे गटवार मागायचे असतात. तुमच्या वक्त्याने अचूकतेचा आकडा पडद्यावर दाखवला असणारच. तो कुणाकुणाच्या चेहऱ्यांवर मोजला, हे विचारणं म्हणजे त्या सभागृहातलं सगळ्यात तांत्रिक काम होतं. औषधांवरच्या परिषदेत दुष्परिणाम कुणात जास्त दिसले असं एखाद्या डॉक्टरने विचारलं, तर त्याला कुणी ‘राजकारण नको’ म्हणेल का?

‘कुणाला विकली जाते’ हा प्रश्न थोडा वेगळा आहे, हे मान्य. तो संगणकाबाहेर जातो. पण तोही कामातूनच निघतो. तीच प्रणाली फोन उघडायला वापरली आणि चुकली, तर माणूस चरफडत आकडे टाइप करतो. पोलिसांनी संशयित शोधायला वापरली आणि चुकली, तर भलताच माणूस कोठडीत जातो. किती चूक चालेल हे वापर ठरल्याशिवाय ठरतच नाही, आणि वापर ठरवणारा असतो गिऱ्हाईक. म्हणजे हा प्रश्न विचारल्याशिवाय इंजिनिअरला स्वतःच्या कामाची कसोटीसुद्धा लिहिता येणार नाही.

या बाबतीत मला संगणकतज्ज्ञ डेव्हिड पारनास यांचं वागणं फार आवडतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या अंतराळातल्या क्षेपणास्त्रविरोधी योजनेसाठी, म्हणजे ज्याला लोक ‘स्टार वॉर्स’ म्हणायचे त्यासाठी, संगणकतज्ज्ञांची एक समिती नेमली गेली. पारनास त्यात होते. काही आठवड्यांतच त्यांनी राजीनामा दिला. ते काही शांततावादी कार्यकर्ते नव्हते. अमेरिकी नौदलाच्या विमानातल्या सॉफ्टवेअरवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. राजीनाम्यासोबत त्यांनी आठ छोटे निबंध जोडले, आणि ते सगळे सॉफ्टवेअरबद्दल आहेत. ही प्रणाली प्रत्यक्ष युद्धाच्या परिस्थितीत आधी कधीच तपासता येणार नाही. समोरून काय येणार आणि ते कसं वागणार हे पक्कं माहीत नसेल. आणि तरी पहिल्याच खेपेला ती बरोबर चालली पाहिजे. अशा सॉफ्टवेअरवर विसंबता येईल असं आपण प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना ते पटलं नाही त्यांनीही उत्तर दिलं ते रचनेच्या भाषेतच: प्रणाली विकेंद्रित ठेवली तर जमेल, वगैरे. वाद देशाच्या संरक्षण धोरणाचा होता, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी तो आपल्या मैदानावर खेळला. धोरण ठरवणाऱ्यांना दुसऱ्या कुणाकडूनही कळलं नसतं असं काहीतरी त्यातून कळलं.

असंच एक उदाहरण इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफचं. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेनने सरकारी पाळतीची कागदपत्रं उघड केल्यावर तिथे खूप खल झाला. मे २०१४ मध्ये आरएफसी ७२५८ हा त्यांचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. शीर्षकातच ठणकावून सांगितलंय, की सर्वांवर सरसकट ठेवलेली पाळत हा हल्ला आहे. आत वाचलं की दिसतं, पाळत ठेवणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट यात ते शिरतच नाहीत. तांत्रिकदृष्ट्या तो हल्ला आहे आणि प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, आखताना त्याला तोंड देण्याचा विचार करायला हवा, एवढंच. सरकारं चिडली तरी तो दस्तऐवज त्यांच्या कामाच्या कक्षेतलाच राहतो.

तेव्हा ‘हे राजकारण आहे का’ असं विचारणं सोडून द्या. त्याला उत्तर नाही, आणि असलं तरी ते कामाचं नाही. विचारायचं ते एवढंच, की हे आपल्या कामातून किंवा आपल्या गटाच्या कारभारातून उभं राहिलंय का, आणि त्याबद्दल आपल्याला इतरांपेक्षा जास्त काही माहीत आहे का, किंवा आपल्या हातात काही आहे का. असेल तर बोला, अवघड वाटलं तरी. नसेल तर बाहेर जाऊन बोला, कितीही महत्त्वाचं असलं तरी.

‘गटाचा कारभार’ हे मी मुद्दाम घातलंय. वक्ते दर वेळी पुरुषच का, हॉलमध्ये चाकाची खुर्ची का जात नाही, एखाद्या सदस्याला टोमणे मारले गेले तर कुणाकडे जायचं, हे प्रश्न निघाले की कुणीतरी हमखास ‘राजकारण आणू नका’ म्हणतं. ते तुमचेच प्रश्न आहेत. ते तुम्ही सोडवले नाहीत तर दुसरं कोण सोडवणार?

मित्र कदाचित कंपन्यांचे दाखले देईल. सप्टेंबर २०२० मध्ये कॉइनबेस या क्रिप्टोचलनाच्या कंपनीने कामाबाहेरच्या राजकीय विषयांपासून दूर राहण्याचं जाहीर केलं आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांना पैसे घेऊन बाहेर पडायची मुभा दिली; साधारण ५ टक्के लोक गेले. एप्रिल २०२१ मध्ये बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीने तसाच नियम केला आणि जवळजवळ एक तृतीयांश कर्मचारी सोडून गेले. हा फरक मला बोलका वाटतो. बेसकॅम्पमध्ये वाद पेटला होता तो ग्राहकांच्या ‘गमतीशीर’ नावांची एक यादी कंपनीत वर्षानुवर्षं चालत आली होती, त्यावरून. म्हणजे घरातलीच गोष्ट. तिच्यावर ‘राजकारण बंद’ हा उतारा दिला गेला आणि लोकांनी तो तसाच वाचला. शिवाय कंपनी पगार देते, म्हणून अटी घालू शकते. तुमच्याकडे लोक संध्याकाळ मोडून फुकट येतात. त्यांना जाण्यासाठी राजीनामासुद्धा लिहावा लागत नाही. ती मुलगी गेली तशी जातात.

आणि दार लावून घेतलं की राजकारण बाहेर राहतं, असंही नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेने ह्वावे या चिनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शोधनिबंधांच्या परीक्षणातून वगळलं. चीनमधल्या संशोधकांनी गदारोळ केला, अमेरिकी सरकारकडून खुलासा आला आणि काही दिवसांतच बंदी उठली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेल्या कर्नलच्या मेंटेनरांच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या, यादीतून रशियाशी संबंध असलेली काही नावं निघाली. कारण दिलं होतं ते जेमतेम एका ओळीचं, ‘अनुपालनाच्या गरजा’ अशा मासल्याचं. निर्बंधांचा कायदा पाळावा लागतो हे कळतं. पण इतकी वर्षं काम केलेल्या माणसांना नीट चार ओळी तरी लिहायला हव्या होत्या. ‘आम्ही तंत्रज्ञानापुरते’ असं म्हणत आलेल्या समूहांवर अशी वेळ आली की त्यांच्याकडे बोलायची सवयच नसते, म्हणून ते इतके तुटक बोलतात.

निवडणुकीवरून भांडलेल्या दोघांसाठी नियमही नको. सूत्रसंचालकाने मध्ये पडून ‘प्रश्न व्याख्यानावरचाच घेऊ, पुढचा कोण?’ एवढं म्हणायचं. विषयाशी संबंध नसलेली कुठलीही बडबड अशीच थांबवायची असते. ती क्रिकेटवर असती तर तुम्ही काय केलं असतं? त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीच मध्ये पडलं नाही आणि वक्ता बिचारा उभा राहिला. माईकचं काम नियमाकडे सोपवू नका.

राहिला युद्धाच्या निषेधाचा प्रश्न. इथे मी मागणी करणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. ते खोटं बोलतात म्हणून नाही. त्यांचं त्या युद्धाबद्दलचं मत कदाचित माझंही असेल. पण डेटाबेस शिकायला जमलेल्या लोकांच्या नावाने परराष्ट्र धोरणावर बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ज्यांचं मत वेगळं आहे त्यांच्या तोंडी तुम्ही शब्द घालणार. आणि एकदा निषेध केला की पुढच्या प्रत्येक युद्धाला, प्रत्येक दंगलीला ‘यावर गप्प का’ असा हिशोब मागितला जाणार. ज्यांना बोलायचंय त्यांनी स्वतःच्या सहीने बोलावं, आपल्या व्यवसायाचं नाव लावूनसुद्धा. ते धाडसाचंही आहे. गटाच्या आड उभं राहणं त्यामानाने सोपं.

बहिष्काराचा इतिहासही या मंडळींनी जरूर वाचावा. पहिल्या महायुद्धानंतर गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९२० मध्ये स्ट्रासबर्गला आणि १९२४ मध्ये टोरांटोला जर्मन गणितज्ञांना बोलावलंच नाही. १९२८ मध्ये बोलोन्याला निमंत्रण गेलं, तेव्हा काही जर्मनच म्हणाले की आता आपण जायचं नाही. त्यांच्यातले नामवंत गणितज्ञ हिल्बर्ट तब्येत बरी नसताना आपल्या लोकांना घेऊन गेले. गणिताचं या सगळ्यात काय भलं झालं, ते मला तरी दिसलेलं नाही. याहून वाईट म्हणजे मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या इतरांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या पॅकेजच्या मेंटेनरने केलेला प्रकार. रशिया आणि बेलारूसमधल्या संगणकांवरच्या फाइल्स पुसून टाकणारा कोड त्याने त्यात घातला, युद्धाचा निषेध म्हणून. त्या देशांतल्या सरकारविरोधी माणसाचा संगणक त्यातून कसा वगळणार होता तो? सगळ्यांनी विश्वासाने वापरायची वस्तू अशी बिघडवणं याला मी निषेध म्हणणार नाही.

पण ‘निवेदन नाही’ म्हणजे ‘काही नाही’ असंही नव्हे. त्या युद्धाची झळ लागलेलं कुणी गटात असेल तर त्याची विचारपूस करा, नोकरी शोधायला मदत करा. वार्षिक मेळावा कुठे घ्यायचा आणि प्रायोजक कोण, असे निर्णय तुमचेच असतात. तिथे युद्धाचा विचार आला तर तो जरूर करा. २०२२ ची गणितज्ञांची परिषद सेंट पीटर्सबर्गहून हलवून ऑनलाइन घेतली गेली. तो निर्णय त्यांच्या अखत्यारीतला होता आणि त्यांनी घेतला.

मित्राला एक ओळ हवीच आहे, तर ही घ्या: “इथे आपण आपल्या कामाबद्दल बोलतो, त्या कामाचा लोकांवर होणारा परिणाम आणि या गटाचा कारभार हेही त्यात आले. पक्ष आणि उमेदवार यांचा प्रचार इथे नको, आणि गटाच्या नावाने निवेदन सगळ्यांना विचारल्याशिवाय निघणार नाही.” ओळी दोन झाल्या, चालतील. खाली एक अट घाला: कुणाचा प्रश्न थांबवायचा झाला तर थांबवणाऱ्याने तिथेच कारण सांगायचं, आणि ज्याला थांबवलं त्याला नंतर तिसऱ्या माणसाकडे जाता यावं. तो तिसरा माणूस तुमच्या दोघांच्या मैत्रीबाहेरचा हवा. तुमच्या पत्रात ‘आम्ही दोघं’ पुष्कळदा येतं. गट आता दोघांचा राहिलेला नाही.

हे मित्राशी सगळ्यांसमोर बोलू नका. त्याने त्या मुलीला तोडलं ते चुकलं, हे त्याला एकट्याला सांगा, आणि भांडणाच्या दिवशी तुम्ही स्वतः काय करत होता हेही त्याच वेळी विचारात घ्या, म्हणजे तो ऐकेल.

त्या मुलीला मात्र आधी फोन करा, नियमाचा मसुदा पक्का होण्याची वाट न बघता. ‘प्रश्न योग्य होता, आम्ही तो तोडायला नको होता’ एवढं स्पष्ट म्हणा. ‘गैरसमज झाला’ वगैरे गुळमुळीत नको. मग त्या वक्त्याला तिचे दोन्ही प्रश्न लेखी पाठवा आणि पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं उत्तरासाठी ठेवा. तो गटवार आकडे घेऊन आला तर तुमच्या सदस्यांना शिकायला मिळेल. आकडे कधी काढलेच नाहीत असं म्हणाला, तर तेही सगळ्यांना कळू दे.